मागं कोण हाय?

एका फुटबॉलपटूच्या हस्ते मी कॅरम स्पर्धेचं उद्घाटन करवलं. चूक माझीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. खेळाचं म्हणजे दोन बॅटी, काही कॅरमबोर्ड, व्हॉलीबॉलचं एक जाळं आणि उरलेल्या सगळ्या जागेत वह्या, राख्या, लग्नपत्रिका. एका दुपारी एक उंच, जरासा लंगडणारा माणूस पायरीवर येऊन थांबला. आत येण्याआधी त्यानं उजव्या खांद्यावरून मागं पाहिलं, मग डाव्या खांद्यावरून पाहिलं आणि मला विचारलं, "मागं कोण हाय?"

मागं एसटी होती आणि एक शेळी होती. तसं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला आणि आत आला. "गुडघ्याचा पट्टा हाय का?"

पट्टा काढता काढता मी चौकशी केली. दुकानदारानं चौकशी केली नाही तर गिऱ्हाइकाला करमत नाही. कळलं ते असं, की हा आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचा नवरा. जन्म पाटोद्याकडचा, पण वडील पलटणीत, म्हणून लहानपण छावणीत गेलेलं. आता सासू-सासरे थकले, बायकोला माहेर सोडवेना, म्हणून इथं राहायला आलेला. म्हणजे गावचा जावई. आमच्याकडं गावच्या जावयाला नाव नसतं. त्याला 'पाव्हणं' म्हणतात आणि तो म्हातारा झाला तरी पाव्हणाच राहतो.

"काय करत होता, पाव्हणं?"

"खेळायचो. स्ट्रायकर होतो. आधी कलकत्त्याला, मग गोव्यात."

स्ट्रायकर हा शब्द मला चांगला ठाऊक होता. माझ्या काउंटरवर काचेच्या बरणीत ते भरून ठेवलेले असतात, पांढरे, पिवळे, एकावर तर गुलाबाचं फूलही आहे. कॅरम खेळून गुडघे कसे जातात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मांडी घालून घालून जात असतील, असं मी माझ्यापुरतं उत्तर काढलं.

गणपतीत आमच्या मंडळाची कॅरम स्पर्धा होती. बोर्ड माझ्याच दुकानातले, त्यामुळं पाहुणा आणायचा मान माझा. मी माईकवरून सांगितलं, "देशभर गाजलेले स्ट्रायकर, आपल्या गावचे जावई, पहिला डाव फोडतील." टाळ्या पडल्या. पाव्हणं बोर्डासमोर बसले, पावडर टाकलेल्या त्या लाकडाकडं बराच वेळ बघत राहिले आणि माझ्या कानाशी आले.

"दुकानदार, हे काय हाय?"

"कॅरम."

"मग मला कावून बसवलं?"

"तुम्ही स्ट्रायकर ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हातातल्या गोल चकतीकडं पाहिलं. मग खांद्यावरून मागं, गर्दीकडं पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील. उठले नाहीत. त्यांनी चकती रेषेवर ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा कॅरमला बोट मारलं. स्ट्रायकर एकाही सोंगटीला न शिवता बोर्डाबाहेर उडाला आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या चहात पडला.

गाव पोट धरून हसलं. शेजारचा चहावाला अण्णा ओरडला, "हा स्ट्रायकर असंल तर मी राष्ट्रपती हाय बे."

परत येताना वाटेत त्यांनी मला समजावून सांगितलं. फुटबॉलमध्ये सगळ्यात पुढं राहून गोल मारतो तो स्ट्रायकर. मी म्हणालो, मग माईकवरच का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तुमीच आणलतं मला. तुमचं हसं झालं असतं."

आता खरं तर दुसऱ्या दिवशी मी गावाला सांगायला हवं होतं, की बाबांनो, गाढव मी आहे. पण गाढवपण असं चौकात मांडायला धंद्याच्या माणसाला जमत नाही. शिवाय मी जातीचा संशयी. चहात माशी नसली तरी मी तो बघून पितो. मला वाटलं, एवढा गाजलेला खेळाडू, तर आमच्या गावात कशाला येईल? आणि येऊन सारखा मागं कशाला बघेल?

ते मागं बघणं तुम्ही पाहायला हवं होतं. बाजारात वांगी निवडताना, हॉटेलात चहा पिताना, देवळात हात जोडताना, दर थोड्या वेळानं मान आधी इकडं, मग तिकडं. कुणाकडं पाठ करून बसायची वेळ आली, की हळूच शेजारच्याला विचारायचे, "मागं कोण हाय?" तुमच्या गावात असा माणूस येऊन राहिला असता तर तुम्हीही दार लावताना कडी दोनदा तपासली असती.

अण्णाच्या हॉटेलात रोज नवा निकाल लागायचा. एक म्हणायचा, पोलीस मागावर हायेत. दुसरा म्हणायचा, गोव्यात दुसरी बायको असंल. तिसरा म्हणायचा, केजकडं एका गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात, ते ह्यानं ऐकलं असंल, म्हणून गाढव शोधतंय. कुणीतरी मोबाईलवर त्यांचा जुना फोटो शोधून काढला. त्यात गर्दीच्या खांद्यावर एक मिशीवाला तरुण होता, गळ्यात हार, तोंड अर्धं झाकलेलं.

"हे कुणीबी असंल," अण्णा म्हणाला. "मोबाईलवर मीबी चंद्रावर उभा हाय. पुतण्यानं करून दिलंय."

सगळ्यात मोठा पुरावा वेगळाच होता. हा माणूस कधी बॉलला पाय लावत नसे. पोरं मैदानावर खेळायची, हा कडेला उभा राहून बघायचा. बॉल जवळ आला की बाजूला व्हायचा. खेळलेला माणूस असं करतो का हो?

मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. आठवडी बाजाराचा दिवस होता. पाव्हणं दुकानासमोरून चालले होते. मी आतून एक बॉल त्यांच्या पायाशी सोडला, अगदी हळूच, चुकून सुटल्यासारखा. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बॉल पायाशी आला तसे त्यांनी पाय फाकवले. बॉल दोन पायांमधून निघून मागं टोमॅटोवाल्याच्या टोपलीला जाऊन लागला.

"अडवला कावून न्हाई?" मी ओरडलो.

"मागं टोमॅटोवाला मोकळा होता," ते म्हणाले आणि पुढं गेले.

हे वाक्य मी हॉटेलात सांगितलं. माझ्या कानात सांगितलेलं एसटी सुटायच्या आत बीडला पोचतं, हे गावाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत 'टोमॅटोवाला मोकळा होता' ही वडवणीची म्हण झाली. जावयाचं डोकंही सरळ नाही, असं ठरलं.

याचा जाच व्हायचा तो त्यांच्या बायकोला. ती लहानपणापासून मला दादा म्हणते. दुसऱ्या गावात असती तर कुणी हसलं असतं तर हसलं असतं, पण हे तिचं माहेर. गिरणीवर बायका विचारायच्या, "तुझ्या मालकाला कॅरमबी येईना, फुटबॉलबी मारंना, मग गोव्यात इतकी वर्षं करत काय होते?" ती पीठ डोक्यावर घ्यायची आणि निघून यायची. एकदा दुकानापाशी थांबली. म्हणाली, "दादा, त्यान्ला लोक काय म्हणतात त्याचं त्यान्ला काही न्हाई. मला हाय. मी ह्याच गल्लीतनं नवरी होऊन गेलते."

मी वही चाळत बसलो. वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

मग शाळेचं निघालं. कन्याशाळेच्या मोठ्या बाई, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, मुलींचा फुटबॉलचा संघ काढायला निघाल्या होत्या. पाव्हणं स्वतःहून त्यांच्याकडं गेले आणि म्हणाले, मी शिकवतो, काही नको. आमच्या गावात 'काही नको' म्हणणाऱ्याइतका संशय कुणाचाच येत नाही. पालक खवळले. सारखा मागं बघणारा माणूस, तो आमच्या पोरींना शिकवणार? शाळेच्या समितीत मी होतोच. मॅडमनी सरळ मला विचारलं, "तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "एकदा मैदानावर खेळून दाखवू द्या. मग बघू."

ऐकल्यावर पाव्हण्यांनी आधी मागं पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. पण माझ्या मागं दुकानदार उभं राहतील."

"मी?"

"मला अडवायला. संशय तुमालाच जास्त हाय ना?"

ठरल्या दिवशी सकाळी निम्मं गाव मैदानाच्या कडेला. अण्णानं हॉटेल बंद करून किटली तिथंच आणली होती. गोलमध्ये एक मुलगी उभी होती. पाव्हणं गोलकडं पाठ करून उभे राहिले, मी त्यांच्या पाठीशी. लांबून एक मुलगी त्यांच्याकडं बॉल मारणार होती. माझ्याही मागं, जरा बाजूला, नववीतली एक काटकुळी पोरगी उभी होती. तिच्याकडं माझं लक्ष नव्हतं. माझं सगळं लक्ष त्यांच्या पायाकडं. हा पाय आज बॉलला लावावाच लागणार होता.

त्यांची बायको कडेला उभी होती. बायकांच्या घोळक्यात नाही, एकटी.

पाव्हण्यांनी सवयीप्रमाणं मान वळवली. इकडून, तिकडून. मग समोर बघतच मला म्हणाले, "दुकानदार, डावी चप्पल निसटायली तुमची."

मी खाली पाहिलं. खरंच निसटत होती. पाठ करून उभा राहिलेला हा माणूस माझी चप्पल बघत होता. तेवढ्यात बॉल आला, जोरात, सरपटत. पाव्हणं वाकले, उजवा पाय मागं घेतला, आता मारणार. मी सगळं अंग त्या पायावर टाकलं.

आणि त्यांनी पाय फाकवले.

बॉल त्यांच्या पायांमधून गेला, माझ्या बगलेखालून गेला. मी तोंडावर आपटलो. मागं ती काटकुळी पोरगी मोकळी होती, तिला अडवायला कुणीच नव्हतं. तिनं पळत येऊन एकच फटका मारला. गोल.

मी मातीत पडल्या पडल्या मला टोमॅटोवाला आठवला.

काय झालं ते सगळ्या मैदानात मला एकट्याला कळलं होतं, कारण फसलो मी होतो. गावाला काहीच कळलं नव्हतं. अण्णा किटली हलवत म्हणाला, "पोरीनं मारला की. पाव्हण्यानं तर बॉलला पायच न्हाई लावला."

"तेच की. नुसतेच उभे होते," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या पलीकडं पाव्हण्यांची बायको माझ्याकडं बघत होती. मी धूळ झटकत उठलो आणि छाती पुढं काढून सांगितलं, "लावला. मी पाहिलंय. टाचेनं लावला. टाचेनंच तर तिच्याकडं ढकलला."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, पण त्यातलं हे एक मला आवडतं. लोक 'अस्सं व्हय' म्हणायच्या बेतात होते. मॅडमची मान हलायला लागली होती.

"न्हाई," पाव्हणं म्हणाले. "मी शिवलोसुद्धा न्हाई. सोडला."

मला वाटलं, या माणसाला आता देवही वाचवणार नाही. मी दात खाऊन म्हणालो, "पाव्हणं, गप बसा की जरा."

"शिवलो न्हाई तर शिवलो कसं म्हणू? मागं पोरगी मोकळी होती."

मग मॅडम म्हणाल्या, "फसवायचं असतं तर या माणसानं दुकानदारांचं खोटं झेललं असतं. उद्यापासून या."

अण्णाचा संशय काही गेला नाही. तो म्हणाला, "पण मारला तर न्हाईच." पण किटलीतला पहिला चहा त्यानं पाव्हण्यांना दिला. बघून, माशी नाही ना म्हणून.

पुढं काही वर्षं त्यांनी मुलींना शिकवलं. स्वतः कधी बॉल मारला नाही, उभं राहून तोंडानंच शिकवायचे. पहिला धडा एकच: बॉल यायच्या आधी मागं बघायचं. परिणाम असा झाला, की बाजारातून चालताना मुलींची अख्खी रांग एकदम उजव्या खांद्यावरून मागं बघायची, मग डाव्या. नवी तक्रार आली, "पोरी मागं कावून बघायल्यात? कोण हाय मागं?" मी पालकांना सांगितलं, तो खेळ आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर कुणी ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

रोज खेळ संपला की ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडं. थोडं थोडं बोलायचे. कलकत्त्याला एका रविवारी लोकांनी खांद्यावर घेतलं, पुढच्या रविवारी गोल हुकला तर चपला आल्या. "डाव्या पायाच्याच आल्या," ते म्हणाले, "जोडी लागली न्हाई." गोव्यात रोज मासे, आणि यांना ज्वारीची भाकरी आठवून झोप यायची नाही. मी अधूनमधून उलटतपासणी घ्यायचो. त्यांना त्याचा राग नव्हता. "संशयी माणूस बॅक म्हणून, समोरच्याला अडवायला, चांगला," म्हणायचे. "तुमी लहानपणी भेटायला पाहिजे होते."

एका दुपारी मी विचारलंच, "गुडघा गेला कसा?"

गावाला त्यांनी सांगितलेलं, आणि गावानं न मानलेलं, मला माहीत होतं. समोरचं ऊन डोळ्यावर आलं, मागून येणारा खेळाडू दिसला नाही, त्यानं गुडघ्यावर घाव घातला, खेळ संपला. तेच सांगतील असं वाटलं. त्यांनी उजव्या खांद्यावरून भिंतीकडं पाहिलं, डाव्या खांद्यावरून भिंतीकडं पाहिलं.

"ऊन न्हवतं," म्हणाले. "त्या दिवशी ती पहिल्यांदा मॅच बघायला आलती. वडवणीहून, डब्यात धपाटे घेऊन. बॉल यायलता, आणि मी मागं बघायचं सोडून वर बघितलं. ती कुठं बसलीय ते. जन्मात तेवढंच एकदा मागं बघायचं राहिलं."

मी एकच प्रश्न विचारला. माझ्यासाठी हे अवघड काम आहे.

"दिसली का पण?"

"दिसली की. पदर धरून बसलती." मग म्हणाले, "तिला सांगू नका. जीवाला लावून घेईल. कुणालाच सांगू नका."

मी शपथ घेतली. बरणीतल्या स्ट्रायकरांवर हात ठेवून. ते हसले आणि पायरी उतरले. उतरताना मागं बघितलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. गुडघ्यानं छळलं आयुष्यभर, आणि नेलं मात्र त्यानं नाही.

शाळेनं मैदानावर सभा घेतली. आता बाहेरगावी कामाला लागलेल्या, लग्न झालेल्या मुलीही आल्या होत्या. आणि माईक माझ्याकडं आला. शहाण्या गावानं तो माझ्याकडं द्यायला नको होता. मी नीट सुरुवात केली होती. कॅरमचं सांगितलं, चूक माझी होती हे सांगितलं, लोक हसले. मग समोर अण्णा दिसला. हाताची घडी, तोंडावर तोच संशय, 'पण मारला तर न्हाईच' असा. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "न्हाई मारला, कारण गुडघा न्हवता. आणि गुडघा कशानं गेला, सांगू?"

सांगून टाकलं. धपाटे, पदर, वर बघणं, सगळं. त्यांची बायको पहिल्या रांगेत बसली आहे हे मला शेवटचं वाक्य संपल्यावर दिसलं.

अण्णानं हाताची घडी सोडली. मी माईक ठेवला आणि खाली मान घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, चुकलं माझं," मी म्हणालो. "त्यांनी शपथ घातली होती."

ती मैदानाकडं बघत होती.

"ऊन त्यांच्या पाठीवर होतं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यावर येत होतं, म्हणून तर मी पदर धरलता. ऊन त्यांच्या डोळ्यावर येईल कसं? इतकी वर्षं संशय होता मला. विचारलं की म्हणायचे, ऊन होतं." तिनं नाक पुसलं. "त्यान्लाबी सांगवंना, मलाबी लावून धरवंना."

"पण मला सांगू नका म्हणाले होते, आणि मी—"

"अवो दादा," ती म्हणाली, "कुणाला कळू द्यायचं नसतं, तर त्यांनी ते अख्ख्या वडवणीत तुमाला सांगितलं असतं व्हय?"